दोन इंच बर्फ आणि एक अनाथ रस्ता

सहाव्या दिवशी पहाटे पाच वाजता फोन वाजला, तेव्हा तो कानाला लावण्याआधीच मी एक शिवी हासडली. पलीकडे जिवंत माणूस नव्हता, त्यामुळे कुणाचा अपमान झाला नाही. टॉलिवर परगण्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा आधीच भरून ठेवलेला आवाज होता तो. इतका मऊ, इतका दिलगीर, की जवळचं कुणीतरी गेल्याची बातमी सांगतायत असं वाटावं. "सुप्रभात, कुटुंबीयहो. काही रस्त्यांची परिस्थिती लक्षात घेता आजही सर्व शाळा बंद राहतील. सुरक्षित राहा. उबेत राहा."

उबेत राहा! मी पडदा सारला. दिव्याखाली आमचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. अंगणात गवत दिसत होतं. माझ्या आठ वर्षांच्या विनीने पहिल्या दिवशी केलेल्या हिममाणसाचं एक गाजर आणि दोन बटणं एवढंच मागे उरलं होतं. आणि बर्फ पडला होता किती? दोन इंच. मी स्वतः पट्टी लावून मोजला होता. तोही गेल्या आठवड्यातल्या बुधवारी.

पहिला दिवस आनंदाचा असतो, हे मी नाकारत नाही. ओव्हनमधल्या ट्रेवर बसून टेकडीवरून घसरणं, गरम कोको, ओले मोजे, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी कोको संपला. तिसऱ्या दिवशी मुलांनी सोफ्याच्या उशांचा किल्ला केला, चौथ्या दिवशी त्या किल्ल्यावरून युद्ध झालं आणि त्यात एक दिवा कामी आला. पाचव्या दिवशी चार वर्षांच्या वेंडलने आपण कुत्रा झाल्याचं जाहीर केलं आणि जेवण जमिनीवर मागितलं. पहिल्यांदा मी रागावलो. दुपारी दिलं.

माझी बायको नोरीन डायलिसिस केंद्रात नर्स आहे. तिच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना बर्फाची सुटी नसते, त्यामुळे ती रोज पाचच्या आत गाडी काढते. घर उरतं माझ्यावर. मी दातांच्या कवळ्या बनवतो. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. आमच्या गावात हसणाऱ्यांपैकी निम्मे माझ्याच दातांनी हसतात. पण कवळी काही घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होत नाही. मंगळवारी मी धीर करून दोन्ही मुलांना कामावर नेलं. तासाभरात वेंडलने वाळत ठेवलेल्या सहा गिऱ्हाइकांच्या जबड्यांच्या साच्यांची अदलाबदल केली. कुणाचा वरचा कुणाच्या खालच्यावर, याचा उलगडा करण्यात माझा पूर्ण दिवस गेला. शेवटी आमची मालकीण आयडेल क्रॅडक चष्मा काढून म्हणाली, "ऑल्टन, तू जरूर ये. फक्त तू ये. आणि शुक्रवारपर्यंत अँब्लरसाहेबांची कवळी झाली नाही, तर मग तूही येऊ नकोस." क्लीटस अँब्लर यांच्या मुलीचं लग्न शनिवारी होतं. बाप बोळक्या तोंडाने मुलीला घेऊन चर्चमध्ये चालत जाणार, हे चित्र मला झोपू देत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, वेंडलला पाळणाघरात का नाही ठेवलं? मीही तेच म्हटलं होतं.

"शाळा बंद तर आम्ही बंद," पाळणाघरवाल्या लर्लीनबाई फोनवर म्हणाल्या. "नियम आहे."

"पण लर्लीनबाई, पाळणाघर तुमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे! तुमच्या दोन्ही शिक्षिका चालत येतात!"

"नियम आहे ना पण."

"कुणी केला नियम?"

"मीच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मोडता येत नाही."

गुरुवारी, म्हणजे त्या सहाव्या सकाळी, मी कचऱ्याचा डबा आत आणायला बाहेर गेलो आणि शेजारचे हार्लन स्टाउट यांनी मला गाठलं. हार्लन मूळचे उत्तरेकडच्या, बर्फात बुडणाऱ्या बफेलो शहराचे. निवृत्त होऊन इकडे व्हर्जिनियात आले त्याला अकरा वर्षं झाली, पण मनाने ते अजून तिकडच्या बर्फातच कमरेएवढे उभे असतात.

"दोन इंच!" ते नेहमीप्रमाणे म्हणाले. "अरे ऑल्टन, आमच्याकडे दोन इंचाला बर्फ म्हणत नाहीत. दमटपणा म्हणतात. सत्याहत्तर साली मी खिडकीतून निघून शाळेत गेलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या!"

"हार्लन, मी काय करू तेवढं सांगा."

"जाब विचार! 'काही रस्ते' म्हणतात ना? कुठले रस्ते? नाव विचार नाव!"

मला आजवर मिळालेल्या शेकडो सल्ल्यांपैकी हा पहिलाच कामाचा होता. विनीने वेंडलला फिरायला नेलं (तो अजून कुत्राच होता) आणि मी आठच्या ठोक्याला शाळेच्या बसखात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक गृहस्थ आले. मी विचारलं, कुठले रस्ते? ते म्हणाले, सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. मी म्हटलं, मी सुरक्षित आहे, सांगा. त्यांनी उसासा टाकला.

"केटल रन रोड."

"आणि?"

"आणि काय? केटल रन रोड."

"एक रस्ता? एका रस्त्यासाठी अख्ख्या परगण्यातल्या शाळा बंद?"

"सर्वांना समान वागणूक, साहेब. एका मुलीची बस जात नसेल तर कुणाचीच नाही."

एका मुलीची! माझ्या डोक्यातली शीर तडतडायला लागली. मी लगेच रस्तेखात्याला फोन केला. इथे एक बाई होत्या.

"केटल रन रोड आमचा नाही, साहेब."

"मग परगण्याचा?"

"परगण्याचाही नाही. अठ्ठावन्न साली एका लाकूड कंपनीने केला. कंपनी बुडाली. रस्ता कुणी ताब्यात घेतला नाही. आमच्याकडे त्याची नोंद 'अनाथ रस्ता' अशी आहे."

"अनाथ म्हणजे? त्याला कुणीच नाही?"

"कुणीच नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर कणव होती. "वाईट वाटतं. पण मीठ टाकता येत नाही. तुम्हाला दत्तक घ्यायचा असेल तर अर्ज आहे. नव्वद दिवस लागतात."

नव्वद दिवसांनी मे महिना उजाडला असता. मी फोन आपटला. मी शांत माणूस आहे. हॉटेलात सूप गार आलं तर मी गार पितो. पण प्रत्येक शांत माणसाच्या आयुष्यात एक फावडं येतं. मी गॅरेजमधून ते काढलं, पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "केटल रन रोड साफ करायला निघालोय. ज्यांना आपली मुलं प्रिय आहेत आणि शाळेत असताना जास्तच प्रिय आहेत, त्यांनी यावं," आणि दोन्ही पोरांना गाडीत कोंबलं. मागून हार्लन आपल्या ट्रकमध्ये बफेलोहून आणलेलं, अकरा वर्षं न चाललेलं बर्फ उडवायचं यंत्र टाकून आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

केटल रन रोड म्हणजे मोठ्या रस्त्यावरून वर चढणारी चारशे पावलांची वाट. दोन्ही बाजूंना दाट झाडी, त्यामुळे सूर्याचा आणि तिचा संबंध नाही. त्या दोन इंचांचा वितळून-गोठून काचेसारखा बर्फ झाला होता. मी फावडं मारलं. फावडं उडालं. बर्फाला ओरखडाही नाही.

तोवर ग्रुप पेटला होता. खडेमीठ टाका. नको, मिठाने झाडं मरतात, राख टाका. मांजराच्या पेटीतली रेती टाका. लोणच्याच्या काकडीचं पाणी ओता, माझ्या मेव्हण्याच्या गावात तेच वापरतात. उकळतं पाणी मुळीच ओतू नका. उकळतं पाणीच ओता. दर मिनिटाला एक नवा तज्ज्ञ. पण मान्य केलं पाहिजे, माणसंही आली. अकराच्या सुमाराला पंधरा-सोळा पालक जमले, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. फावडी, पहारी, एकाकडे तर बागेतलं दाताळं. दाढीवाला एक बाप लोणच्याच्या पाण्याच्या चार बरण्या घेऊन आला. लर्लीनबाईसुद्धा आपल्या दोघी शिक्षिकांना घेऊन आल्या. "आमच्यासुद्धा पोरांच्या शाळा बंद आहेत," त्या म्हणाल्या, "नियम कुणाला सोडतो?" आणि अर्थातच प्रत्येकाबरोबर त्याची पोरं, कारण ठेवणार कुठे? तीसेक पोरं त्या झाडीत मोकाट सुटली. शाळेत इतकी हजेरी लागत नसेल.

हार्लननी यंत्र सुरू केलं. ते खोकलं, थरथरलं, धूर ओकलं आणि बर्फ सोडून त्याखालची खडी उचलून थेट माझ्या गाडीच्या मागच्या काचेत फेकली. काचेची जाळी झाली.

"जोर बघ त्याचा!" हार्लन अभिमानाने म्हणाले.

मी तावातावाने त्यांच्याकडे निघालो, आणि चढावर रागाने चालू नये हे मला त्या क्षणी कळलं. पाय गेले. मी बसल्या स्थितीत वरून खाली निघालो. वेग फार नव्हता, हीच अडचण होती. अगदी सावकाश, एकेका ओळखीच्या माणसासमोरून मी जात राहिलो. लर्लीनबाईंसमोरून गेलो, त्यांनी "सांभाळून" म्हटलं. दाढीवाल्या बापासमोरून गेलो, त्याने बरण्या बाजूला घेतल्या. विनीच्या वर्गशिक्षिकेसमोरून जाताना मी नमस्कार केला, कारण दुसरं काय करणार? सगळ्यात खाली वेंडल उभा होता. तो भुंकला.

मी उठून पँट झटकतोय तोच पोलिसांची गाडी आली. शेरीफचे हवालदार रेन्फ्रो उतरले. उंच, धिप्पाड, गंभीर.

"तक्रार आलीय. रस्त्यावर बेकायदा जमाव, परवानगीशिवाय द्रवपदार्थ ओतणं."

"लोणच्याचं पाणी आहे," दाढीवाला म्हणाला.

"परवानगी आहे?"

"कुणाची घ्यायची?" मी पुढे झालो. माझ्या मागच्या बाजूला भली मोठी ओली खूण होती, पण पुढून मी संतापलेला नागरिक होतो. "हा रस्ता अनाथ आहे, हवालदारसाहेब! त्याला आई नाही, बाप नाही, खातं नाही! परवानगी कुणाच्या सहीची आणू?"

रेन्फ्रोंनी वही काढली. तेवढ्यात त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवरून, कैद्यांच्या जाळीआडून, दोन आवाज एकदम आले. "पप्पा, हा मला चावला!" "पप्पा, आधी ती चावली!"

रेन्फ्रोंचे कान लाल झाले.

"सहा दिवस," ते हळूच म्हणाले. "सहा दिवस त्यांना घेऊन गस्त घालतोय मी. काल एका चोराला पकडलं, तर त्याला पुढे बसवावं लागलं." त्यांनी वही खिशात टाकली. "पहार आहे का जास्तीची?"

तासाभरात खालची शंभर पावलं मोकळी झाली. रेन्फ्रो फोडायचे, आम्ही उचलायचो. आणि मग वरच्या घरातून एक म्हाताऱ्या बाई परात घेऊन उतरल्या. पायात पुरुषी बूट, चालही तशीच, बर्फावरून सरळ. मागे सात वर्षांची एक मुलगी, लाल टोपीतली. ओडेसा मेब्री आणि त्यांच्या भाचीची मुलगी जूनी. परातीत गरम बिस्किटांत, म्हणजे इकडच्या मऊ पावांत, घातलेलं हॅम होतं.

"खा," ओडेसाबाई म्हणाल्या. "आणि सांगा, हे काय चाललंय?"

"तुमच्या जूनीची बस वर यावी म्हणून," मी तोंडभर बिस्किटासकट म्हणालो. आवाजात जरा उपकार होता, कबूल करतो.

"बस?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी स्वतः तीस वर्षं शाळेची बस चालवलीय. गेला आठवडाभर रोज सकाळी फोन करतेय त्यांना, की मुलीला मी पाच मिनिटांत चालत खाली आणते, तुम्ही शाळा उघडा. तर म्हणतात, दारापर्यंत बस हा तिचा हक्क आहे, आम्ही तो डावलू शकत नाही."

फावडी थांबली. कुणीतरी खाली बसलं. मग मी ओरडलो, माझा आवाज त्या झाडीत बराच वेळ घुमला, आणि मी जे बोललो ते तीस पोरांनी पाठ केलं, हे मला नंतर त्यांच्या आयांकडून कळलं.

"झालं ओरडून?" ओडेसाबाईंनी विचारलं. "आता मी एक विचारू? गेल्या वर्षी जानेवारीत घर गरम ठेवायच्या तेलाचा टँकर वर येईना. आठ दिवस माझी धाकटी बहीण आणि मी स्वयंपाकघरात एका चुलीपाशी झोपलो. तेव्हाही हा रस्ता असाच होता. तेव्हा शाळा चालू होत्या, कारण जूनी माझ्याकडे यायची होती अजून, महिन्याभराने आली."

"बहीण कुठे असतात आता?" हार्लननी विचारलं.

"आता नाही हो ती. अडुसष्ट वर्षांची. डिसेंबरात गेली." त्या थांबल्या. "तेव्हा कुणी फावडं घेऊन आलं नाही. तुम्हाला काही माहीत नव्हतं, तुमची चूक नाही. नुसतं सांगितलं."

मी सहा दिवस त्या एका मुलीच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि ती मुलगी माझ्यासमोर उभी राहून वेंडलला बिस्किटाचा तुकडा भरवत होती. वेंडलने तो हातातून, माणसासारखा, घेतला आणि थँक्यू म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

चिडून घरी जाता आलं असतं. बस वर न येताही मुलगी शाळेत जाऊ शकत होती; अडून बसलं होतं ते खातं. पण एकही माणूस घरी गेला नाही. उलट लर्लीनबाईंनी बाह्या सरसावल्या आणि म्हणाल्या, "पार दारापर्यंत नेऊ या. टँकर वळला पाहिजे." मग आम्ही जे झपाट्याने कामाला लागलो ते चारपर्यंत. लोणच्याचं पाणी खरंच चालतं, हे मी इथे नमूद करतो. मी फोन केल्यावर साडेचारला बसखात्याचे तेच गृहस्थ रिकामी बस घेऊन पाहणीला आले. बस चढायला लागली तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून दोन्ही बाजूंना उभे होतो. ती वर गेली, ओडेसाबाईंच्या अंगणात वळली आणि हॉर्न वाजवत खाली आली. जूनीने टाळ्या पिटल्या. हार्लन रडले. ते तसे दिवसभरच रडत होते.

संध्याकाळी निरोप आला. शुक्रवारी शाळा उघडणार. सुरक्षेसाठी दोन तास उशिरा.

शुक्रवारी दहा वाजता विनी बसमध्ये चढली. पुढच्या खिडकीत लाल टोपी दिसली. थांब्यावरचे आम्ही सगळे पालक हात हलवत होतो, पण कुणाचाच हात खांद्याच्या वर जात नव्हता. माझी कंबर रात्रीत काटकोनात बसली होती. त्याच कोनात मी वेंडलला घेऊन पाळणाघराच्या दारात पोहोचलो. दारावर चिठ्ठी होती: "आज बंद. तिन्ही शिक्षिकांच्या पाठी धरल्या आहेत. कारण सर्वांना ठाऊक आहे." दारासमोर चार बाप आणि हवालदार रेन्फ्रो, सगळे माझ्याच कोनात वाकलेले, आपापलं पोर धरून उभे. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. मान वळत नसल्याने अख्खे वळले.

"ऑल्टन," रेन्फ्रो म्हणाले, "पुढच्या वेळी तू घरीच बस."

मी वेंडलला घेऊन कामावर गेलो. आयडेलने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या आकाराकडे पाहिलं, आणि मुकाट्याने त्याला एक खडूची पेटी देऊन आपल्या टेबलाखाली बसवलं. कवळीचं काम वाकूनच करायचं असतं, त्यामुळे माझी काही गैरसोय झाली नाही. तीन वाजता अँब्लरसाहेब आले, दात बसवले, आरशात पाहिलं, दोनदा चावून बघितलं आणि पहिलं स्वच्छ वाक्य बोलले: "तुमची बरी मजा झाली हो, आठवडाभर घरी!" मला ती कवळी तिथेच परत काढून घ्यावीशी वाटली. पण शनिवारी लग्न होतं.

नोरीन सहाला घरी आली तेव्हा मी दिवाणखान्यात जमिनीवर उताणा पडलो होतो, कारण तेवढीच एक स्थिती उरली होती. विनी शेजारी गृहपाठ करत होती. मी विचारलं, शाळेत काय शिकवलं? ती म्हणाली, निम्मे शिक्षक आले नव्हते, म्हणून सिनेमा दाखवला.

"कशाचा?"

"पेंग्विनचा."

मी डोळे मिटले. नोरीनने बूट काढले, माझ्या कमरेखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली आणि दुधाचा डबा ठेवायला फ्रिजपाशी गेली. फ्रिजवर शाळेचं कॅलेंडर असतं. तिने त्यावर बोट ठेवून दिवस मोजले.

"ऑल्टन," ती अगदी हळू, रुग्णांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "चिडायचं नाही. सोमवारी राष्ट्राध्यक्ष दिनाची सुटी आहे."

मी कमरेखालची पिशवी नीट सरकवली.

"आणि मंगळवारी शिक्षकांचं शिबिर. मुलांना सुटी."

छताला एक तडा होता. मी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतला. मग विचारलं, "बुधवारी?"

नोरीन खिडकीशी गेली, पडदा बाजूला केला आणि मान वर करून आभाळाकडे पाहत राहिली.